घाटात गाडी तापून बंद पडते

प्रश्न : जुनी १०० सीसीची गाडी सेकंड हँड घेतलीय. साताऱ्यात ठीक चालते, पण यवतेश्वरचा घाट चढला की इंजिन तापतं नि गाडी बंद, थोडं थांबलं की परत चालू. गॅरेजवाला म्हणतो इंजिन खोलावं लागेल. खोलू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : थांबा हो, एवढ्यात खोलू नका. बंद पडली की तिथंच आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून बघा, हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकणाचं भोक बुजलंय, साफ करा, विषय संपला.

तसं नसेल तर गरम असतानाच प्लग काढून (हाताला जपा) ठिणगी बघा. ठिणगीच नाही आणि गार झाल्यावर येते, म्हणजे इग्निशन कॉइल (प्लगला करंट देते ती) किंवा पल्सर कॉइल (ठिणगी कधी पडायची त्याचा इशारा देते ती) तापल्यावर दगा देतेय, जुन्या गाड्यांत हे फार दिसतं. ठिणगी आहे पण प्लग पांढराफटक, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय; कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) साफ करा, कार्ब्युरेटर इंजिनला जोडणाऱ्या रबराला चीर आहे का तेही बघा.

ऑइलची लेव्हल तर बघाच. आणि मागचं चाक हातानं फिरवून बघा, ब्रेक घासत असेल तरी इंजिन तापतं, हे कुणी बघतच नाही! टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग, त्यांत थोडी फट लागते) टाइट असतील तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं. ती सेटिंग मात्र इंजिन पूर्ण गार असतानाच करून घ्या.