गोव्यात गाडीसाठी सांभाळायला सोपा रंग कोणता? काळा सोडून बोला

तुम्ही लिहिलंय की पर्वरीला फ्लॅट आहे, पार्किंग उघड्यावर, पहिलीच गाडी, पांढरा, काळा आणि लाल यांत अडकलाय, मनातून काळाच हवाय आणि धुवायला रविवारशिवाय सवड नाही. कुणीतरी सिल्व्हर सुचवला, तर तो तुम्हाला 'काकालोकांचा रंग' वाटतो. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. जवळजवळ हेच शब्द मी 2010 साली माझ्या घरात ऐकले होते आणि त्यापायी सहा वर्षं काळी गाडी चालवली.

काळी घेऊ नका. एवढं वाचून थांबलात तरी तुमचं काम झालं.

मी डिचोलीची, नोकरी म्हापशाला. गाडी माझ्या पगारातून, हप्ते माझे, चालवणारी मी. मला सिल्व्हर हवी होती. शाळेतल्या एका बाईंकडे होती, आठवडा-आठवडा पाणी न लागता चारचौघांत उभी राहायची, हे मी डोळ्यांनी बघत होते. पण शोरूममध्ये सोबत मोठे दीर आले होते. ते म्हणाले, "सिल्व्हर म्हाताऱ्यांना. काळी घे, रुबाब असतो काळ्या गाडीला." विकणाऱ्यानेही त्यांच्याकडे बघूनच मान डोलावली. नवरा काही बोलला नाही. मी म्हटलं, जाऊ दे, रंगावरून कुठे वाद घालायचा. तो वाद तिथेच घालायला हवा होता.

तेव्हाची डिचोली ज्यांनी पाहिली नाही त्यांना कल्पना यायची नाही. खाणी जोरात. मुळगाव, शिरगावच्या बाजूने खनिजाचे ट्रक एकामागोमाग एक, सारमानसच्या जेटीकडे रांगा. रस्त्याकडेची झाडं, कौलं, विजेचे खांब, सगळं तांबडं. सकाळी धुतलेली गाडी अस्नोड्यापर्यंत पोचेस्तोवर काळी राहायची नाही, विटकरी व्हायची.

आणि घरी माझे सासरे. निवृत्त माणूस, सुनेने स्वतःच्या कमाईची गाडी घेतली याचा त्यांना कोण अभिमान. रोज सकाळी सहाला उठून, तुळशीला पाणी घालून झालं की ते गाडीकडे वळायचे. जुन्या पंचाचा एक तुकडा होता, चौघडी केलेला. तो एकदा झटकायचा आणि बॉनेटवर गोल गोल फिरवायचा. पाणी नाही, काही नाही. मी चहा ठेवताना स्वयंपाकघरात तो आवाज ऐकू यायचा, बारीक कर्र कर्र, पाट्यावर सुकं काही वाटल्यासारखा. पुसून झालं की पंचाचा तुकडा चिऱ्याच्या कुंपणावर वाळत घालायचे. तो मुळात पांढरा होता हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. मी बाहेर आले की म्हणायचे, "बघ, तोंड दिसतंय." आणि खरंच दिसायचं.

दोन वर्षांनी कुणीतरी मागचा दरवाजा घासून गेलं, म्हणून म्हापशाला डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे नेली. त्याने दरवाजा बाजूला ठेवला, मोबाईलचा टॉर्च लावून बॉनेटवर धरला आणि मला म्हणाला, "बाई, हे बघा." उजेडाच्या ठिपक्याभोवती हजारो बारीक रेघा होत्या, वर्तुळात वर्तुळं, अगदी कोळ्याचं जाळं. टॉर्च सरकवला तसं जाळंही सोबत सरकलं. टपावर तेच, डिकीवर तेच. त्याने विचारलं, "सुक्या फडक्याने पुसता?"

त्या दिवशी त्याने जे समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण रंगाचा सगळा प्रश्न यातच आहे. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. चकाकी त्याची. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनही कमी. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेवरही ओरखडा काढते, तिथे या थराचं काय. सुकं फडकं फिरवलं की ते कण थरावर रेघा मारत जातात. हा थर काळ्या गाडीवर असतो तसाच सिल्व्हरवर असतो, रेघाही तेवढ्याच पडतात. फरक दिसण्याचा. रेघेवर उजेड पडला की तो विखुरतो आणि पांढुरका दिसतो. काळ्यावर पांढुरकी रेघ उठून दिसते, सिल्व्हरमध्ये आधीच धातूचे चमचमणारे कण असतात त्यांत ती हरवते, पांढऱ्यावर तर शोधावीच लागते. पॉलिश मारलं की रेघा जातात, पण क्लिअर कोटच थोडा घासून काढून त्या जातात. असं किती वेळा परवडणार?

2012 मध्ये खाणी बंद पडल्या. ट्रक थांबले, रस्ते ओळखू येईनात इतके स्वच्छ दिसायला लागले. गाडी सुधारली का? नाही. कारण पंचाचा तुकडा रोज चालूच होता. म्हणून मी ठामपणे सांगते, धूळ गाडी खराब करत नाही. सुकी धूळ पुसणं खराब करतं.

पुढे एका चवथीला सगळं घर जमलेलं असताना दिरांनी गाडीकडे बघून सगळ्यांसमोर म्हटलं, "गाडी घेतली, पण हिने कधी फडकं हातात घेतलं नाही. बघा काय दशा केलीय." सासरे तिथेच माटोळीला, गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला, नारळ बांधत होते. मला उत्तर तोंडावर आलं होतं. पण ते उत्तर द्यायचं म्हणजे ज्या हातांनी रोज प्रेमाने गाडी पुसली त्यांच्यावर ढकलायचं. मी गप्प बसले. सासरे आता नाहीत. 2016 मध्ये गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याने रंगापायी भाव पाडला आणि घरात अजून गोष्ट तीच सांगितली जाते, की हिला गाडी सांभाळता आली नाही. भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका: ती गाडी न पुसल्याने खराब झाली नाही, रोज पुसल्याने झाली. आणि रोज पुसावी लागली कारण ती काळी होती. सिल्व्हर असती तर बाबांना सकाळी सहाला पुसण्यासारखं काही दिसलंच नसतं.

म्हणजे सोपा रंग कोणता, तर मळलेला असतानाही पुसायची इच्छा होत नाही तो. तुम्ही आठवड्यातून एकदा धुणार. उरलेले सहा दिवस हात आवरता आला पाहिजे.

तुमच्या तिघांपैकी म्हणाल तर पांढरी घ्या. साधी पांढरी, मोत्यासारखी चमकणारी नको. त्या चमकणाऱ्यात रंगाचा एक थर जास्त असतो, उद्या एक पॅनल मारायची वेळ आली की छटा जुळवताना कारागीर रडकुंडीला येतो. साधा पांढरा कुठेही जुळतो, उन्हात कमी तापतो, ओरखडा लपवतो. आमच्याकडे पांढरी म्हटली की "टॅक्सी वाटते" म्हणतात. म्हणू दे. पावसात चाकांच्या मागे तांबड्या चिखलाचे फर्राटे दिसणार, पण ते नुसत्या पाण्याच्या पाइपने जातात. दोन गोष्टी मात्र पांढरीवरच खुपतात: ब्रेक घासून उडणारे लोखंडाचे कण ओलाव्यात गंजून पडणारे बारीक नारिंगी ठिपके, आणि पावसाळ्यात काचांच्या रबराकडेने धरणारी हिरवी शेवाळ. जुना टूथब्रश घेतला की शेवाळ निघते.

लाल नको. आताच्या लाल गाड्या पूर्वीसारख्या चार वर्षांत गुलाबी पडत नाहीत हे मान्य, पण उघड्यावर दिवसभर ऊन खाणार असेल तर इतर रंगांच्या आधी कळा जाईल ती लालाची.

आणि तिघांबाहेर जायची तयारी असेल तर सिल्व्हर, राखाडी नाहीतर तो बेजकडे झुकणारा तांबूस ब्राऊन. गोव्याच्या मातीला या शेवटच्या रंगाइतकं पोटात घेणारं दुसरं काही नाही. विकताना गिऱ्हाईक कमी मिळतं, हा त्याचा दोष. माझी आताची गाडी सिल्व्हर आहे. नववं वर्ष चालू आहे आणि टॉर्च लावून बघितल्याशिवाय तिच्यावर काही दिसत नाही.

आता पर्वरीचं. तुमच्याकडे हायवेची धूळ, जवळ बांधकाम चालू असेल तर त्यात सिमेंटचीही. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारा एक मुलगा येत असेल, एक बादली आणि एक फडकं घेऊन दहा गाड्या करणारा. त्याला महिन्याचे पैसे द्या, पण सांगा की माझी गाडी पुसू नकोस, फक्त काचा कर. पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीवर घासली जाते. रविवारी तुम्ही स्वतः सावलीत घ्या: आधी नुसतं पाणी भरपूर, वरून खाली, मग मायक्रोफायबरचं मऊ फडकं, शाम्पू गाडीचाच. कपड्यांची पावडर नको, ती गाडीवर लावलेलं मेणही धुऊन नेते. दोन बादल्या ठेवा, एक फडकं पिळायची. गाडीवर कव्हर घालत असाल तर तेही धुतलेल्या गाडीवरच. मळक्या गाडीवर कव्हर वाऱ्याने हललं तर रात्रभर माझ्या सासऱ्यांचा पंचा फिरल्यासारखंच.

मे महिन्यात जांभळाखाली गाडी लावू नका. वटवाघळं रात्री जी जांभळी शिट टाकतात ती दुपारच्या उन्हात रंगात उतरते, मग कुठलाही रंग असो. पडलीच तर खरवडू नका. वर्तमानपत्राचा कागद पाण्यात भिजवून पाच-दहा मिनिटं वर ठेवा आणि अलगद उचला. आंब्याचा, फणसाचा चीकही असाच वेळेत काढायचा.

काही गोष्टी माझ्या मताच्या विरुद्ध जाणाऱ्या आहेत, त्याही सांगायला हव्यात. सिल्व्हर आणि राखाडी गाडी धो-धो पावसात समोरून येणाऱ्याला लवकर दिसत नाही. मी जून ते सप्टेंबर भर दिवसा हेडलाइट लावून चालवते. सिल्व्हरचा एखादा दरवाजा नव्याने रंगवला तर धातूचे कण तसेच बसत नाहीत आणि एका कोनातून फरक दिसतो. आणि कळंगुट, मिरामारसारखं समुद्राला लागून राहत असाल तर रंगाचा विचार दुय्यम. तिथे खारी हवा खडी उडून पडलेल्या टवक्यातून पत्र्यात शिरते, तेव्हा टवका दिसला की लगेच टच-अप आणि महिन्यातून एकदा गाडीच्या पोटाखाली गोड्या पाण्याचा मारा. सिरॅमिक कोटिंगने, म्हणजे रंगावर वरून चढवून घेतात त्या संरक्षक थराने, धुणं सोपं होतं, पण वाळूच्या रेघा ते थांबवत नाही. काळी घेऊन वर कोटिंग करू, म्हणजे झालं, असं कुणी सांगेल. ऐकू नका.

आणि ज्याची गाडी बंद गॅरेजमध्ये राहते, ज्याला धुण्याची मनापासून हौस आहे आणि घरात दुसरं कुणी फडकं उचलणारं नाही, त्याने काळी जरूर घ्यावी. धुतलेल्या काळ्या गाडीइतकं देखणं काही नसतं, हे मीही म्हणते. तुमचं तसं नाही, तुम्हीच लिहिलंय.

अजून मन काळ्यावरच असेल तर एवढं करा. शोरूममध्ये नवी कोरी गाडी बघू नका, टेस्ट ड्राइव्हची काळी गाडी मागा. ती रोज सकाळी पुसली जाते. पार्किंगच्या सावलीत उभी करून मोबाईलचा टॉर्च बॉनेटपासून वीतभर अंतरावर धरा आणि हळूहळू सरकवा. गाडीसाठी सोबत कुणी मोठं माणूस येणार असेल तर त्यांनाही जवळ बोलवून दाखवा, बुकिंगचा कागद पुढे यायच्या आधी.