कुझबासचे अमान तुलेयेव

प्रश्न : रशियातील केमेरोवो प्रांताचे गव्हर्नर अमान तुलेयेव यांना निवडणुकांत नव्वद टक्क्यांहून अधिक मते मिळत, असे वाचनात आले. ही लोकप्रियता खरी होती, की सत्तेच्या जोरावर उभी केलेली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सुरुवातीची लोकप्रियता खरीच होती; नंतरच्या आकड्यांवर तेवढा विश्वास ठेवता येत नाही. 1944 मध्ये तुर्कमेनिस्तानात जन्मलेले तुलेयेव साध्या रेल्वे कर्मचाऱ्यापासून चढत केमेरोवो रेल्वेच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचले, आणि 1991 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ती जिंकलेल्या बोरिस येल्त्सिन यांच्याविरुद्ध उभे राहून चौथे आले. 1997 मध्ये येल्त्सिन यांनीच त्यांना गव्हर्नर नेमले व त्याच वर्षी झालेली निवडणूक त्यांनी सुमारे 94 टक्के मतांनी जिंकली.

कुझबास, म्हणजे केमेरोवो प्रांताचा परिसर, हा रशियाचा मोठा कोळसापट्टा. त्या काळात तेथील खाणकामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकत असत. 1998 मध्ये कामगारांनी ट्रान्स-सायबेरियन रेल्वेमार्ग अडवला, तेव्हा तुलेयेव यांनी त्यांची बाजू मॉस्कोपुढे मांडली. निवृत्तांना मोफत प्रवास, गरजूंना घरगुती कोळसा अशा सवलतींमुळे ते घराघरांत आपले वाटू लागले. 2000 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत देशभरात जेमतेम तीन टक्के मते मिळवणाऱ्या तुलेयेव यांनी स्वतःच्या प्रांतात पुतिन यांना मागे टाकले. क्रेमलिनच्या उमेदवाराविरुद्ध मिळालेली ही मते धाकाची म्हणता येणार नाहीत, असे माझे मत आहे.

पुढे चित्र पालटले. तुलेयेव पुतिन यांच्या पक्षात गेले, 2005 पासून काही वर्षे गव्हर्नरांची थेट निवडणूकच बंद होती, आणि 2015 मध्ये त्यांना मिळालेली 96 टक्क्यांहून अधिक मते ही प्रांतात खरा प्रतिस्पर्धी उरला नसल्याची खूण होती. खाणींतील अपघात मात्र थांबले नाहीत : 2007 मध्ये उल्यानोव्स्काया खाणीतील स्फोटात 110 आणि 2010 मध्ये रास्पाद्स्काया खाणीत 91 जणांचा बळी गेला.

25 मार्च 2018 रोजी केमेरोवो शहरातील ‘झिम्न्याया विश्न्या’ या मॉलमध्ये लागलेल्या आगीत 60 जण मृत्युमुखी पडले. त्यांत 37 मुले होती. आपल्या गाड्यांच्या ताफ्याने बचावकार्यात अडथळा येईल, असे कारण देऊन तुलेयेव घटनास्थळी गेले नाहीत. त्यांनी क्षमा मागितली ती पुतिन यांची, आणि चौकात जमलेल्या शोकाकुल लोकांत चिथावणीखोर असल्याचे सांगितले. एके काळी संतप्त कामगारांची बाजू घेणाऱ्या नेत्याचे हे वागणे लोकांच्या फार जिव्हारी लागले. 1 एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. 2023 मध्ये त्यांचे निधन झाले.