फुलावर आलेल्या ऑर्किडची कुंडी बदलू का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि माझंच जुनं दुखणं कुणीतरी लिहून काढलंय असं वाटलं. तुमचं पांढरं फॅलेनॉप्सिस (घरोघरी दिसणारा ऑर्किडचा प्रकार), दांड्यावर फुलं टवटवीत, खालची पानं मात्र लुळी पडलेली आणि कुंडीत भरलेल्या मॉसला, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाला, कुबट वास. "फुलं आहेत तोवर हात लावू नका" हा सल्ला निरोगी झाडाला लागू आहे. तुमचं झाड निरोगी नाही. आजच बाहेर काढा.

फुलांवर अजिबात विश्वास ठेवू नका. या झाडाची पानं जाड असतात आणि त्यांत पाणी साठलेलं असतं. मुळं सडून गेली तरी त्या साठ्यावर फुलं कित्येक आठवडे तग धरतात. पानं सुरकुततात ती त्यामुळेच.

मी झाड घेतलं ते आपल्या कोल्हापुरातल्याच एका नर्सरीतून. नाव घेत नाही, उगाच वाद नको. चिनी मातीची देखणी कुंडी, तळाला भोकाचा पत्ता नाही. पानं मलूल झाली म्हणून विचारायला गेलो, तर काउंटरवरचे गृहस्थ झाडाकडे न बघताच म्हणाले, पाणी जास्त झालंय. पाणी कमी करूनही फरक पडेना म्हणून परत गेलो, तर म्हणे पाणी कमी पडतंय! वर खताची पुडी गळ्यात मारली. मुळं सडलेल्या झाडाला खत? आणि दर वेळी तेच पालुपद, फुलं गळेपर्यंत कुंडी बदलायची नाही.

शेवटी उपसलं तेव्हा उलगडा झाला. मुळांच्या मधोमध, खोडाच्या अगदी बुडाशी, रोप लहान असतानाची प्लास्टिकची जाळीदार वाटी तशीच होती, आत ठासून भरलेलं मॉस. बाहेरचं मॉस कोरडं खडखडीत, आतला गोळा चिंब. मूळ चिमटीत धरून ओढलं की वरचं साल सुटून हातात यायचं आणि मागे दोऱ्यासारखा तंतू तेवढा राहायचा. विकणाऱ्याला ही वाटी माहीत नसेल हे मला पटत नाही. तुमच्याही झाडात ती असण्याची दाट शक्यता आहे, आधी तीच शोधा.

मऊ, पोकळ, काळपट मुळं कापा. कात्री आधी गॅसवर धरून घ्या. घट्ट मुळं ठेवा, रंग पांढरा असो की हिरवा. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या टोकाला लावायची. चांगल्या मुळांवर भुरभुरलीत तर ती वाळतात, यूट्यूबवाले हे सांगत नाहीत. भरायला नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि लोणारी कोळसा. सोडणात क्षार असतात, म्हणून पाणी बदलत एक-दोन दिवस भिजवून घ्या. कुंडी लहानच, भोकांची. नंतर 3-4 दिवस पाणी नको, सावलीत ठेवा.

आता फुलांचं. चांगली मुळं बोटांवर मोजण्याइतकीच उरली असतील तर दांडा कापून फुलदाणीत ठेवा, तिथेही बरेच दिवस टिकतात. आमच्या घरी यावरून चांगलंच वाजलं होतं, पण मी आजही हेच सांगेन. निम्म्याहून जास्त मुळं शाबूत असतील तर दांडा राहू द्या, काही कळ्या गळतील एवढी तयारी ठेवा.

मॉसबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये टॉवेल वाळत नाही, तिथे कुंडीतलं मॉस काय वाळणार? एप्रिलच्या कोरड्या हवेत वरून चिमूटभर ठीक. राधानगरीच्या जंगलात सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड बघा, सगळी मुळं झाडाच्या सालीवर, उघड्या हवेत. पावसात भिजतात, वाऱ्याने सुकतात. (बघा म्हणतोय, उपटून आणू नका. ते अभयारण्य आहे.)

मी काही वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही आणि हे सगळं फॅलेनॉप्सिसपुरतं. डेंड्रोबियम या दुसऱ्या प्रकारच्या ऑर्किडला जसंच्या तसं लावू नका.

आणि हो, दांडा ठेवणार असाल तर झाड आंब्याच्या आढीच्या खोलीत ठेवू नका. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने कळ्या पिवळ्या पडून गळतात आणि दोष मात्र कुंडी बदलण्यावर येतो.