अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात २०२० साली बंदूक नियंत्रण कायद्यांना लोकांनी विरोध केला, त्याचा काही उपयोग झाला का?

थोडाफार झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये विधिमंडळाची दोन्ही सभागृहं बंदूक नियंत्रणाच्या बाजूच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली आणि त्यासाठी नवी विधेयकं येणार हे उघड झालं. तेव्हा काउंटी (म्हणजे जिल्हा) बोर्डांच्या बैठकांना लोकांची रीघ लागली. ९० हून जास्त ठिकाणी विरोधाचे ठराव झाले. ठरावांना कायद्याचं बळ नव्हतं, पण आमदारांना वाऱ्याची दिशा कळली. २० जानेवारीला राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, सुमारे २२,००० माणसं जमली, अनेकांच्या खांद्यावर रायफली. तरी सगळं शांततेत पार पडलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. लष्करी धाटणीच्या रायफलींवरची बंदी सिनेट समितीतच अडकली, तीही चार डेमोक्रॅट सदस्य फुटल्यामुळे. खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणी (माझ्या मते ती हवीच) आणि महिन्याला एकच पिस्तूल, हे कायदे मात्र झाले.