गुमास्त्यावर मनी ट्रान्सफर चालते का?

प्रश्न : चाकण एमआयडीसीजवळ माझे मोबाइल रिचार्जचे आणि झेरॉक्सचे दुकान आहे. परिसरातील परप्रांतीय कामगार पगार झाला की रोख रक्कम घेऊन येतात, मी ती माझ्या बचत खात्यातून यूपीआयने त्यांच्या गावी पाठवतो आणि हजारामागे दहा रुपये घेतो. दुकानाचा गुमास्ता आहे. आणखी परवाना लागतो का?
– एक दुकानदार, चाकण

उत्तर : आपल्या सेवेची त्या कामगारांना खरोखर गरज आहे, हे आधी नमूद करतो, दिवसपाळी करणाऱ्याला बँकेच्या वेळेत शाखेत जाता येत नाही. मात्र ज्या पद्धतीने आपण हे काम करता, ती पद्धत आजच थांबवावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. गुमास्ता म्हणजे २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद. कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर तीही केवळ सूचना देण्यापुरती असते. ती नोंद दुकान असल्याचे सांगते. लोकांचे पैसे हलवण्याचा अधिकार ती देत नाही.

तो अधिकार २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यातून येतो. या कायद्याच्या कलम ४ नुसार रिझर्व्ह बँकेच्या अधिकृततेशिवाय कोणालाही पेमेंट यंत्रणा चालवता येत नाही आणि यंत्रणेच्या व्याख्येच्या स्पष्टीकरणात मनी ट्रान्सफरचा उल्लेख नावानिशी आहे. कलम ४ च्या उल्लंघनाला किमान एक महिना ते कमाल १० वर्षे कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा कलम २६ मध्ये सांगितली आहे. एका छोट्या दुकानदाराचा व्यवहार ‘यंत्रणा’ ठरतो की नाही, यावर वकील वाद घालू शकतील. पण तो वाद आपल्या नावावर चालावा, असे आपल्याला नक्कीच वाटणार नाही.

त्याहून जवळचा धोका वेगळा आहे आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. समजा, उलट एखादा अनोळखी माणूस आपल्या खात्यात यूपीआयने पैसे टाकून रोख मागतो आणि आपण ती देता. ते पैसे सायबर फसवणुकीतले असतील, तर मूळ पीडिताने १९३० या क्रमांकावर तक्रार केल्यावर पैशांचा माग आपल्या खात्यापर्यंत येतो आणि खाते गोठवले जाते. रोख घेऊन गेलेला माणूस सापडत नाही. कागदावर दिसते ते फक्त आपले नाव. शिवाय एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत १० लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख भरली गेली, की बँक ती माहिती प्राप्तिकर विभागाला कळवते. ती रक्कम आपली नव्हती, कामगारांची होती, हे सिद्ध करायला आपल्याकडे कोणती नोंद आहे?

कायदेशीर वाट अवघड नाही. आपण एखाद्या बँकेचे बीसी, म्हणजे ज्याला आपण बँक मित्र म्हणतो ते, व्हावे. रिझर्व्ह बँकेने ही व्यवस्था जानेवारी २००६ मध्ये सुरू केली. पुढे किराणा, औषध आणि रेशन दुकानदारांनाही ती खुली झाली. परवाना बँकेचा असतो, आपण तिचे प्रतिनिधी असता. एखाद्या कंपनीचे ॲप घेऊन काम सुरू करणार असाल, तर त्या कंपनीमागे कोणती बँक आहे, हे लेखी करारात पाहिल्याशिवाय अनामत भरू नका. ‘आयडी मिळाला म्हणजे झाले’ असे सांगणाऱ्या वितरकावर विसंबू नका.

नियमही बदलले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२४ च्या परिपत्रकानुसार १ नोव्हेंबर २०२४ पासून रोख देऊन पैसे पाठवणाऱ्याची नोंदणी पडताळलेला मोबाइल क्रमांक आणि स्वसाक्षांकित अधिकृत ओळखपत्र यांवर करावी लागते आणि प्रत्येक व्यवहाराला ओटीपीसारखी जादा खातरजमा लागते. एकाच ओळखपत्रावर दहा जणांचे पैसे पाठवणे गिऱ्हाइकाला सोयीचे वाटले, तरी करू नये. हजारामागचे दहा रुपयेही बंद करावे लागतील, कारण बीसीला गिऱ्हाइकाकडून स्वतःसाठी थेट शुल्क घेता येत नाही. शुल्क बँक ठरवते आणि आपल्याला कमिशन देते.

प्रश्न : माझे दीर कुवेतमध्ये नोकरी करतात. ते तिथे एका ओळखीच्या माणसाकडे दिनार देतात आणि इथे आमच्या बँक खात्यात कोणाच्या तरी भारतीय खात्यातून रुपये जमा होतात. पैसे बँकेतच येतात, मग यात गैर काय?
– एक वाचक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : पैसे बँकेत आले, एवढ्याने व्यवहार कायदेशीर होत नाही. १९९९ च्या फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे कलम ३ सांगते की, परदेशात राहणाऱ्याच्या वतीने येणारी रक्कम अधिकृत व्यक्तीमार्फतच स्वीकारावी. त्याच्या स्पष्टीकरणात आपली स्थिती जवळजवळ जशीच्या तशी आली आहे: परदेशातून तितकी रक्कम प्रत्यक्ष भारतात न येता इथल्या कोणी दुसऱ्याने पैसे दिले, तर ते अनधिकृत मार्गाने आले असेच धरले जाते. हीच हवाला पद्धत आहे. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो आणि तो पैसे स्वीकारणाऱ्यालाही लागू होतो. दिरांना तिथल्या बँकेतून किंवा परवानाधारक एक्स्चेंज हाउसमधून पैसे पाठवायला सांगावे, पावत्या जपाव्यात. आजवर आलेल्या रकमांबाबत कागदपत्रांसह सनदी लेखापालांना भेटावे.

प्रश्न : मडगावात आमची ट्रॅव्हल एजन्सी आहे. परदेशातून येणारे पैसे घरच्यांना देण्याची सेवा सुरू करता येईल का?
– एक व्यावसायिक, मडगाव

उत्तर : येईल, पण भारतीय एजंटाचा उपएजंट म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या मनी ट्रान्सफर सर्व्हिस योजनेत परदेशी कंपनीचा भारतीय एजंट बँक, टपाल खाते किंवा परकीय चलनाचा परवानाधारक असावा लागतो आणि त्याची निव्वळ मालमत्ता किमान ५० लाख रुपये लागते. ही सेवा फक्त आत येणाऱ्या वैयक्तिक रकमांसाठी आहे. व्यापाराचे पैसे, देणग्या, घरखरेदी किंवा अनिवासी भारतीयांच्या एनआरई खात्यातील भरणा यात बसत नाही, आणि परदेशात पैसे पाठवता येत नाहीत. एका व्यवहाराची मर्यादा २,५०० अमेरिकन डॉलर आणि एका लाभार्थीला वर्षात ३० व्यवहार इतकी आहे. रोख ५०,००० रुपयांपर्यंतच देता येते, वरची रक्कम खात्यात किंवा धनादेशाने द्यावी. संशयास्पद व्यवहार दिसल्यास तो भारतीय एजंटाला तत्काळ कळवावा. गिऱ्हाइकाला मात्र त्याची कुणकुण लागू देऊ नये.