पोरगी जर्मन गोष्टी ऐकते तर ऐकू द्या

घाटंजीकडच्या एका भाऊंचं पत्र आलंय. मुलगी बीए सेकंड इयरला, वर्षभरापासून मोबाईलवर जर्मन गोष्टी ऐकते, आणि आता म्हणते मी जर्मन शिकवीन, पण व्याकरण घोकून नाही, गोष्टी सांगून. भाऊ लिहितात, "मॅडम, पोरीले समजावून सांगा, हे काय शिकवनं व्हय? अन् आमच्या गावात जर्मन शिकीन कोन?"

भाऊ, हे शिकवणंच आहे. तुमच्याच भागात पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, कोलाम आदिवासींची लेकरं पहा ना, घरी कोलामी बोलतात आणि बाजारात, खेळता खेळता मराठी ऐकून ऐकून बोलायला लागतात, त्यांना विभक्ती कोणी शिकवली? आणि आपण दहा वर्षं इंग्रजीचे टेन्स पाठ करून दोन वाक्यं बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. स्टीफन क्रॅशन नावाचे अमेरिकन भाषातज्ज्ञ 1980 च्या दशकात हेच मांडत होते, की माणसाला समजेल असं, त्याला येतं त्याच्यापेक्षा एकच पायरी वरचं, भरपूर ऐकायला वाचायला मिळालं की भाषा आपोआप मुरते. पुढे कॅलिफोर्नियातले स्पॅनिशचे शिक्षक ब्लेन रे यांनी गोष्टी सांगून शिकवायची पद्धतच बसवली, तिला टीपीआरएस म्हणतात.

असा एक तास मी मागच्या बाकावर बसून पाहिलाय. फळ्यावर दोन-तीनच वाक्यं, खाली मराठी अर्थ. सर म्हणाले, "डेर ऑक्से विल वासर", म्हणजे बैलाला पाणी पाहिजे, आणि पोरं खो खो हसली कारण त्यांना वासरू ऐकू आलं! सरांनी ते हसू तसंच धरलं आणि जर्मनमधेच विचारत गेले, बैलाला पाणी पाहिजे की चहा, कोणाला चहा पाहिजे, गाईला की बैलाला, आणि पोरं "टे! टे!" ओरडत होती, टे म्हणजे चहा. मग तो बैल चहाच्या टपरीवर गेला, ही आयडिया पोरांचीच. मधेच एखाद्याला मराठीत विचारायचं, मी आता काय म्हटलं? तो अडला की सर मागं येणार, पुढं पळणार नाहीत. तासभरात "विल", म्हणजे पाहिजे, हा शब्द किती वेळा कानावरून गेला असेल, पण पाठांतर एकदाही नाही.

आता पोरीसाठी. नुसती पद्धत आवडून नोकरी लागत नाही ताई, आधी स्वतःची जर्मन पक्की पाहिजे. ए1, ए2, बी1, बी2 अशा पायऱ्या असतात, परीक्षा गोएथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनच्या. निदान बी2 झाल्याशिवाय शिकवायचा विचार नको, आणि या परीक्षेत लिहायला बोलायला लागतं, त्यामुळे व्याकरणाची वही फेकू नकोस. पुढे एमए करायचं तर हैदराबादचं इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ आहे, पांढरकवड्यावरून सरळ रस्ता आहे भाऊ, पुण्यापेक्षा तेच जवळ.

गावात कोण शिकेल हा प्रश्न खरा आहे. पण नर्सिंगच्या मुलींना जर्मनीत कामाला जायचं तर भाषा लागतेच, आणि 2024 मधे महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केलाय. यवतमाळ, नागपूरला किंवा ऑनलाईन बॅच घेता येते. फक्त एकाच शाळेच्या भरवशावर राहू नये, 2014 मधे केंद्रीय विद्यालयांत जर्मनच्या जागी संस्कृत आलं ते चालू वर्षातच आलं.

भाऊ, दिवाळीच्या सुट्टीत एवढं करा. ओसरीवर गल्लीतली पाच-सहा लेकरं बसवा, रोज वीस मिनिटं तिला गोष्ट सांगू द्या आणि एक दिवस तुम्ही पण त्यांच्यात मांडी घालून बसा. मग तिच्या गोष्टीत कोणाला काय पाहिजे होतं ते मला लिहून कळवा.