चार वर्षांच्या मुलीला ओंटारिओतील शाळेसाठी कसे तयार करावे

तुम्ही ऑगस्टमध्ये डिचोलीहून ब्रॅम्प्टनला येणार आहात, मुलीला ऑक्टोबरमध्ये चार वर्षे पूर्ण होतील आणि घरी मराठी व कोंकणीच बोलली जाते. अशा स्थितीत तिला सप्टेंबरमध्येच शाळेत घालावे की वर्षभर घरी ठेवावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते घालावे. मूल ज्या वर्षात चार वर्षांचे होते त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये येथे ज्युनियर किंडरगार्टनला प्रवेश मिळतो, वर्ग पूर्ण दिवसाचा असतो आणि वर्क परमिटवर आलेल्यांच्या मुलांनाही सरकारी शाळेत फी नसते.

गोवा सोडण्यापूर्वी लसींचे काम मात्र नक्की उरका. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची पहिली मात्रा सहसा नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान दिली जाते, परंतु पहिल्या वाढदिवसापूर्वीची मात्रा येथे शाळेसाठी धरत नाहीत. शिवाय गालगुंड, कांजिण्या आणि मेनिन्गोकॉकल (जिवाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराविरुद्धची) या लसी येथे लागतात व त्या आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीत. बालरोगतज्ज्ञांना कार्ड दाखवून राहिलेल्या लसी घ्या आणि तारखा स्पष्ट वाचता येतील अशी नोंद करून आणा. ती नोंद पालकांनी स्वतः सार्वजनिक आरोग्य विभागाला कळवायची असते.

एबीसीडी पाठ करून घेण्यात हे महिने घालवू नका, कारण येथील वर्ग बरेचसे खेळातून शिकवतो. मुलीच्या हातांना कामाची सवय लावणे अधिक गरजेचे आहे. आपल्याकडे आजी शीतकडीचे (भात-कालवणाचे) घास भरवते आणि त्यात वाईट काहीच नाही, पण येथे मुलीला डबा स्वतः उघडून ठरलेल्या वेळात एकटीने जेवावे लागेल. तेव्हा जो थर्मास शाळेत देणार, तोच आतापासून घरी तिच्या हाती द्या. काजूगर आणि शेंगदाण्याचे लाडू डब्यात देऊ नका, कारण अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी बहुतेक शाळा तसे बजावतात. शौचालयात पाण्याचा फवारा नसेल, म्हणून कागदाने स्वतःला स्वच्छ करणेही शिकवावे लागेल.

हिवाळ्यात मुले बर्फातही मधल्या सुट्टीत बाहेर जातात. आधी जाड विजार, मग बूट, जॅकेट, टोपी आणि शेवटी हातमोजे, असा क्रम असतो, कारण हातमोजे आधी घातले तर चेन लावता येत नाही. जॅकेट जमिनीवर उताणे उघडून पसरायचे, त्याच्या गळ्याच्या बाजूला उभे राहून वाकायचे, दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि ते डोक्यावरून मागे टाकायचे. ही युक्ती येथील लहान मुले सहज करतात. पावसाळ्याचे सुरुवातीचे महिने गोव्यातच काढणार आहात, तेव्हा पुढून उघडणाऱ्या रेनकोटावर तिचा सराव करून घ्या.

भाषेची चिंता मला तुमच्याइतकी वाटत नाही. घरी मराठी-कोंकणीच बोलत राहा आणि शाळेच्या अर्जात घरची भाषा खरी लिहा. सुरुवातीचे काही आठवडे, कदाचित काही महिने, ती वर्गात गप्प राहील. ऐकून साठवण्याचा तो काळ असतो, तेव्हा ‘आज काय बोललीस?’ असे रोज विचारू नका. ‘शू’, ‘उदक’, ‘पोट दुखता’ असे तिचे नेहमीचे शब्द रोमन लिपीत अर्थासह लिहून शिक्षिकेला द्या. पहिल्या दिवशी नजर चुकवून निघून जाण्यापेक्षा, ती रडली तरी निरोप घेऊनच निघा. शाळा लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतर, उघडते. त्याआधी जवळच्या अर्लीऑन केंद्रात (लहान मुले व पालकांसाठीचे सरकारी मदतीचे खेळकेंद्र) तिला घेऊन जात जा. तेथे शुल्क नसते आणि पालक सोबतच बसतात, त्यामुळे अनोळखी मुलांत रुळायला तिला बरे पडेल.

आजीलाही आताच समजावून सांगा. मुलगी शाळेतून परतेल तेव्हा गोव्यात मध्यरात्र उलटलेली असेल. सकाळी साडेसातला, शाळेआधी, फोन केलात तर तिकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतील आणि हिवाळ्यात सहा.